आळंदची दुभाषी

आमच्या आळंद तालुक्यात चिनी बोलणारं माणूस एकच आहे, आणि शाळेत ते माझ्या बाकावर बसायचं. नरसिंग कंडक्टरची ज्योत्स्ना. मी विजयश्री, तुरीच्या अडतवाल्यांची मुलगी. आता वडिलांच्या जागी मीच दुकानात बसते. ज्योत्स्नाची गोष्ट मी तिच्याच तोंडून ऐकली, कधी आमच्या दुकानातल्या पोत्यांवर बसून, कधी कलबुर्गीच्या गाडीत. ती सलग अशी तिनं कधी सांगितली नाही. जोडलीय मी.

तिचे वडील आळंद–उमरगा गाडीवर कंडक्टर होते. आळंदच्या स्टँडवर ते कानडीत ओरडायचे, सरहद्दीवरची खजुरी मागं पडली की मराठीत, आणि बाजाराच्या दिवशी बागवान मंडळी चढली की दखनीत. सुट्टीत ज्योत्स्ना त्यांच्याबरोबर फिरायची. भाषा बदलली हे तिला कळायचंही नाही. रस्ता वळतो तशी जीभ वळते, असं तिला वाटायचं. पुढं शिकायला दिल्लीला गेल्यावर एकच भाषा बोलणारी माणसं भेटली, तेव्हा तिला त्यांची कीव आली होती म्हणे.

चिनी शिकायचं खूळ मात्र नरसिंगअप्पांचं. त्यांच्या गल्लीतल्या विहारात एकदा बाहेरगावचे भन्तेजी आले होते. प्रवचनात ते म्हणाले की बुद्धवचनांचे कितीतरी ग्रंथ इथं नाहीसे झाले, ते आता फक्त चिनी भाषेत उरलेत. झालं. अप्पांच्या डोक्यातून ते जाईना. जेवताना म्हणायचे, "आपली पुस्तकं लोकाच्या घरात पडल्यात, आन् आपल्यात वाचणारं कुणी न्हाई."

"मी शिकते की," ज्योत्स्ना म्हणाली. तेव्हा ती दहावीत होती.

इंदिरामावशी, म्हणजे तिची आई, भाकरी थापता थापता थांबल्या. "कामून? मास्तरीण होण्याइतकं मराठी-कानडी येतंय की."

पण अप्पा जेवण सोडून उठले आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून पुन्हा बसले. कलबुर्गीला बी.ए. करून ज्योत्स्ना दिल्लीला गेली आणि चिनी भाषेत एम.ए. होऊन बाहेर पडली.

ग्रंथ वाचून पोट भरत नाही हे तिला तिथंच कळलं. त्या वर्षांत वीजकेंद्रांची यंत्रं चीनमधून येत होती, सोबत चिनी इंजिनियर येत होते, आणि त्यांना दुभाषी लागत होते. ती आंध्रातल्या एका वीजकेंद्रावर लागली. डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून बॉयलर, झडप, गळती असले शब्द इकडून तिकडं पोचवायची. तिथल्याच एका साहेबानं तिला विचारलं, "आफ्रिकेत जाशील?"

देश होता अंगोला. तिथं सत्तावीस वर्षं घरचंच युद्ध चाललं आणि दोन हजार दोन साली थांबलं. समुद्रापासून थेट आतल्या सरहद्दीपर्यंत जाणारी एक जुनी रेल्वे होती, तिचे पूल उडवलेले, रूळ उखडलेले, आणि मार्गालगत जागोजाग पुरलेले भूसुरुंग. देशाकडं तेल होतं, रोकड नव्हती. चीनमधल्या बँकांनी कर्ज दिलं, ते तेलातून फेडायचं ठरलं. पैसा मात्र त्या देशाच्या हातात यायचा नाही. जेवढं काम होईल तेवढा हप्ता बँक सरळ चिनी ठेकेदार कंपनीला द्यायची. रूळ चीनचे, रुळाखालचे स्लीपर चीनचे, मुकादम चीनचे, छावणीतला लसूणसुद्धा चीनचा. ओझी उचलायला आणि खडी पसरायला गावचे लोक.

या सगळ्या कामावर नजर ठेवायला नेमलेल्या एका सल्लागार कंपनीत आपल्याकडचे इंजिनियर होते. त्यांना चिनी येईना आणि चिन्यांना इंग्रजी. म्हणून ज्योत्स्ना. तिकडं सरकारी भाषा पोर्तुगीज. ती हिनं बाजारात केळी आणि सुकी मासळी विकणाऱ्या बायकांशी घासाघीस करत वर्षभरात उचलली.

"जड न्हाई गेलं?" मी विचारलं होतं.

"बाजारात शिकलेली भाषा जड जात न्हाई, विजू. फसलीस की लगेच कळतंय."

आता कासेंडाचं सांगते. ते आतल्या पठारावरचं एक लहानसं स्टेशन. स्टेशन म्हणजे छप्पर नसलेल्या चार भिंती, गोळ्यांनी चाळण झालेल्या. त्या भिंतींना धरून, जुन्या यार्डात, थेट रुळांच्या जागेपर्यंत मातीच्या विटांची घरं उभी राहिली होती. युद्धात पळून आलेले लोक तिथं टिकले आणि युद्ध संपल्यावरही तिथंच राहिले. नव्या आराखड्यात तिथं दुसरी लाइन होती, म्हणजे गाड्यांना एकमेकींना ओलांडायची सोय. घरं मागं सरकवायची होती, फार नाही, शेतातून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर. मागं मोकळं माळरान पडलेलंच होतं. नव्या विटा, पत्रे कंपनी देणार होती.

लोक नाही म्हणाले.

त्या टप्प्याचा चिनी इंजिनियर लियांग नावाचा होता, चाळिशीचा, बुटका, सारखा घशाला कोरड पडल्यासारखा गरम पाणी पिणारा. त्याची मुलगी गावाकडं आजीपाशी वाढत होती. फोनवर ती आता त्याला "काका" म्हणते, असं त्यानं ज्योत्स्नाला एकदा सांगितलं होतं. काम वेळेत उरकून घरी जायचं, एवढंच त्याच्या मनात होतं.

स्टेशनच्या भिंतीच्या सावलीत बैठक बसली. एका बाजूला लियांग, सल्लागार कंपनीचे मोठे साहेब आणि प्रांताच्या कचेरीतला एक अधिकारी. समोर गावकरी. त्यांच्यातर्फे बोलत होती एक म्हातारी, तिला सगळे आवो सेलेस्ते म्हणत. आवो म्हणजे आजी. ती उंबुंदू, म्हणजे त्या पठारावरची बोली, बोलायची. शाळेचा मास्तर दोमिंगोस ते पोर्तुगीजमध्ये सांगायचा, ज्योत्स्ना पोर्तुगीजचं चिनी करायची, आणि मग साहेबांसाठी इंग्रजी. एक वाक्य चार घरं हिंडून यायचं.

म्हातारीनं आधी विचारलं, "ही गाडी कोण करतंय?"

अधिकारी म्हणाला, सरकार. लियांग म्हणाला, आमची कंपनी. साहेब म्हणाले, पैसे बँकेचे आहेत.

दोमिंगोस मास्तर अडला. बँकेला त्यांच्या बोलीत शब्द सापडेना. शेवटी त्यानं "पैशाचं घर" असं काहीतरी केलं.

"ते घर कुठं आहे?"

"चीनमध्ये."

"त्यानं आम्हाला बघितलंय?"

हे ज्योत्स्नानं चिनीत सांगितलं तेव्हा लियांग पहिल्यांदाच हसला. "तिला सांग, बँक मीही बघितलेली नाही. मला फक्त तारीख कळवतात."

हे ऐकून गावकरीही हसले. पण घरांची गोष्ट निघाली की बैठक तिथंच अडायची. म्हातारी एकच वाक्य म्हणायची आणि मास्तर पोर्तुगीजमध्ये सांगायचा, "ती म्हणते, मागची जमीन खराब आहे."

ज्योत्स्नानं तेच चिनीत सांगितलं. लियांग म्हणाला, "पेरायला नाही, राहायला जा म्हणतोय. मुरूम टाकून देतो." ते उलट्या वाटेनं म्हातारीपाशी पोचलं. म्हातारीनं मान हलवली. जमीन खराब आहे. अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं. साहेब इंग्रजीत पुटपुटले की यांना जास्त पैसे हवेत, दुसरं काही नाही. हप्ता अडकला तर पुढचा सगळा टप्पा अडकेल.

ज्योत्स्ना सांगते, "तेवढ्यात माझ्या कानात दखनी वाजली." आमच्याकडं कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागं एक पडीक जागा होती. पोरं तिकडं वळली की बागवानांच्या बायका ओरडायच्या, "उधर नक्को जाव, वो जगा खराब है." त्या खराबचा मातीशी काही संबंध नव्हता. तिथं एक उघडी विहीर होती, आणि तीत माणसं गेली होती.

तिनं दुभाष्यानं करू नये ते केलं. कुणी बोललेलं नसताना स्वतःच मास्तराकरवी म्हातारीला विचारलं, "खराब म्हणजे कशी? मला दाखवता?"

साहेबांनी भुवया चढवल्या. म्हातारी उठली. दोघी घरांच्या मागं गेल्या, मास्तरही मागोमाग आला. शेवटच्या घराच्या पलीकडं झाडलोट केलेलं अंगण होतं, आणि अंगण संपलं तिथं गुडघाभर गवत. एकही पायवाट त्या गवतात शिरत नव्हती. गावातल्या शेळ्या दोरीनं बांधलेल्या होत्या, आणि दोऱ्या आखूड होत्या. इतकं बाहेर चरायला असताना शेळ्यांना एवढी आखूड दोरी कुणी बांधतं का, असं ज्योत्स्नाच्या मनात आलं आणि ती बघण्यासाठी पुढं झाली.

म्हातारीनं तिचं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली. ओढून तिला अंगणात खाली बसवलं. मग स्वतः शेजारी बसली आणि बोलायला लागली. मास्तर हळूहळू सांगत होता. स्टेशनात सैनिक राहायचे. रोज ते जिथं फिरायचे, निजायचे, तिथं त्यांनी काही पुरलं नाही. भोवतीनं मात्र सुरुंग पुरले. नेमके कुठं, किती, ते आता कुणालाच माहीत नाही, कारण सैनिकही पुढं मेले. नंतर रुळांची पट्टी शोधून साफ करून घेतली, कारण रेल्वे यायची होती. या गवतात कुणी आलं नाही. म्हातारीची सून लाकडं आणायला या गवतात गेली होती.

"त्या जागेवर मी बोट करत नाही," म्हातारी म्हणाली. "नातवंडं बोटाच्या दिशेनं जातात."

"मग हे बैठकीत कामून सांगितलं न्हाई?" हे मी विचारलं होतं.

ज्योत्स्ना म्हणाली, "तिनं सांगितलंच होतं गं. तिकडं जमीन खराब म्हटलं की सगळ्यांना तेच कळतंय. बाहेरून आलेले आम्हीच होतो."

बैठकीत परतल्यावर तिनं लियांगला चिनीत सगळं सांगितलं, बरंच लांब. लियांगनं हातातला पाण्याचा थर्मास झाकण लावून बाजूला ठेवला. साहेब म्हणाले, "एवढं काय बोललीस? म्हातारी तर बोललीच नाही." तिनं त्यांनाही सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. सगळं नीट ऐकून घेतलं त्यांनी. पण मग तिला बाजूला घेऊन म्हणाले, "ज्योत्स्ना, तू दुभाषी आहेस. मधे आपलं बोलणं घालायचं नाही. उद्या तुझ्या शब्दावरून काम थांबलं तर उत्तर कुणी द्यायचं?"

आणि काम थांबवणं खरंच कुणाच्या हातात नव्हतं. सुरुंग काढायचं काम ठेक्यात नव्हतं, कर्जातही नव्हतं. त्यासाठी वेगळी पथकं होती आणि त्यांच्याकडं मागणीची रांग लागलेली. अधिकारी सरळपणानं म्हणाला, "मी आजच कळवतो. पण पथक यायला महिने लागतील." इकडं तर पुढच्याच आठवड्यात खडी पसरायचं यंत्र कासेंडात येऊन उभं राहणार होतं. ते आलं की घरं पडणार, आणि घरं पडली की माणसं रात्र काढायला त्या गवताकडंच सरकणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी लियांगनं सगळ्यांना छावणीत बोलावलं. टेबलाशी उभा राहून तो चिनीत म्हणाला, "खडीचं यंत्र बिघडलंय. सुटा भाग मागवावा लागेल. तोपर्यंत आम्ही हा तुकडा सोडून पुढच्या नदीपलीकडचं भरावाचं काम धरतो."

ज्योत्स्नानं ते यंत्र तासाभरापूर्वीच चालू बघितलं होतं. लियांग तिच्याकडं बघत होता, आता ही काय म्हणते म्हणून. तिनं साहेबांना इंग्रजीत सांगितलं आणि अधिकाऱ्याला पोर्तुगीजमध्ये, "खडीचं यंत्र बिघडलंय. सुटा भाग मागवावा लागेल." त्याच्या वाक्याला तिनं आपला एक शब्द लावला नाही. कालच साहेबांनी तसं बजावलं होतं.

ही गोष्ट सांगताना तिला अजूनही हसू येतं. मग ती गंभीर होते. लियांगला तो तुकडा मागं ठेवल्याबद्दल वरून चांगलंच ऐकून घ्यावं लागलं. वर्षअखेरीची त्याची घरी जायची रजा गेली. त्यानं ज्योत्स्नाला कधी ते बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाला की मुलीला फोनवर सांगितलंय, काका पुढच्या वर्षी येतोय.

पथक आलं ते पाऊसकाळ संपल्यावर. गुडघ्यांवर बसून, वीतवीत जमीन चाचपत त्या लोकांनी ते माळरान पालथं घातलं. जे निघालं ते त्यांनी एका खड्ड्यात नेऊन फोडलं. गावच्या बायका हात कानांवर ठेवून लांब उभ्या होत्या, आणि प्रत्येक आवाजाला आवो सेलेस्ते तोंडानं काहीतरी पुटपुटत होती. मग घरं मागं गेली. विटा कंपनीच्या, पत्रे कंपनीचे. भिंती लोकांनी आपल्या हातानं उचलल्या. त्यात ज्योत्स्नानंही हात घातला.

यंत्राचं बिंग कधी फुटलं का, ते तिला माहीत नाही. तिची मुदत संपली तेव्हा साहेबांनी ती वाढवली नाही. कारण विचारलं तर म्हणाले, गरज उरली नाही. तिच्या जागी महिन्याभरात दुसरा दुभाषी आला, हे तिला मागाहून कळलं. कासेंडातून पहिली गाडी गेली ती तिनं बघितली नाही. तेव्हा ती आळंदात होती आणि आमच्या दुकानात बसून तुरीतले खडे निवडत होती.

तो काळ तिला जड गेला. चांगल्या पगाराची नोकरी सोडून आली म्हणून लोक बोलायचे. लग्नाचं वय टळलं म्हणून इंदिरामावशी रडायच्या. ती मला म्हणाली होती, "मी बरोबर केलं का चूक, ते कुणी विचारत न्हाई गं. सगळे म्हणतात, परत कामून आलीस."

नरसिंगअप्पा तेवढे काही विचारत नव्हते. ते निवृत्त झाले होते. एका पौर्णिमेला तेच तिला विहारात घेऊन गेले आणि म्हणाले, "वाच. येतंय तेवढं वाच." ती चिनी सूत्राच्या चार ओळी वाचायची आणि मग मराठीत सांगायची. समोर चटईवर पंधरा-वीस माणसं. अप्पा पहिल्या रांगेत बसायचे आणि तिचं चिनी चालू असतानाही मान डोलवायचे. ती वाचनं दोन वर्षं चालली. मग अप्पा गेले.

आता ती रोज गाडीनं कलबुर्गीला जाऊन एका खासगी संस्थेत परदेशी भाषा शिकवते, आणि हैदराबादच्या कंपन्यांसाठी घरी बसून चिनी यंत्रांची माहितीपत्रकं मराठी-कानडीत आणते. बरं चाललंय. लग्न केलं नाही. मावशी तिच्यापाशीच असतात.

मागच्या हंगामात ती दुकानात आली होती तेव्हा माझे चुलते धनराजकाका तिथं बसले होते. त्यांना बातम्यांचा नाद. म्हणाले, "ज्योत्स्ना, चिन्यानं त्या आफ्रिकावाल्याला कर्जात बुडवून लुटलं म्हणं. तू तिथं व्हतीस. खरं काय?"

ती म्हणाली, "काका, कर्ज खरंच जड हाय. तेल निघतंय आन् त्यातलं फेडण्यातच जातंय. आमच्या लोकांना नुसती खडी उचलाय लावली, रुळाची विद्या शिकवली न्हाई, हेबी मी डोळ्यांनी बघितलंय."

मी तिच्याकडं बघितलं. आमच्या लोकांना, असं ती म्हणाली होती. तिच्या ते ध्यानात आलं नसावं.

"म्हंजे लुटलंच की," काका म्हणाले.

"आन् गाडी नसताना तिथल्या बाईला दवाखाना गाठाय चार दिवस लागायचे, हेबी बघितलंय. दुसऱ्या कुणी पैसा दिला नव्हता, काका. आता ह्यातलं एकच धरा म्हणलात तर मला जमत न्हाई."

काकांचं समाधान झालं नाही. पण त्यांनी तिला चहा मागवला.

आणि यंदाची गोष्ट. दोमिंगोस मास्तरांनी कुठून तरी तिचा नंबर मिळवून फोन केला. मी तिच्या घरीच होते. पोर्तुगीज मला कळत नाही, पण ज्योत्स्नाचा आवाज चढत गेला, ती उभी राहिली, मग खोलीभर फिरायला लागली. मावशी घाबरून विचारायला लागल्या, "काय झालं? कोण मेलं?"

तिनं फोनवर हात ठेवून सांगितलं, "कोणी न्हाई मेलं, माय. ती म्हातारी अजून हाय." आणि मग एकेक वाक्य ऐकत आम्हाला मराठीत सांगत गेली. गाडी आठवड्यातनं एखाददुसरी येते, कधी येतही नाही. मागच्या माळावर आता मका आहे, शाळेची नवी खोली आहे. शेळ्या मोकळ्या चरतात. आणि आवो सेलेस्ते मक्याची पोती घेऊन गाडीनं बाजारला जाते. परवा तिकिटावरून तपासनिसाशी भांडली. म्हणाली, ही गाडी आमच्या दारातून जाते, मी पोत्याचं भाडं देणार नाही. तपासनिसानं तिला उतरवायचा प्रयत्न केला, तर सगळा डबा तिच्या बाजूनं उठला.

"मग? दिलं का भाडं?" मावशींनी विचारलं. कंडक्टरची बायको, त्यांचा जीव तिकिटात.

ज्योत्स्नानं फोनमध्ये विचारलं, ऐकलं, आणि हसत हसत खुर्चीत बसली.

"निम्मं दिलं म्हणतायत."